विंचवाचं बिऱ्हाड आणि दहावीचं वर्ष



एरवी या सदरात मी तीन-चार पत्रांना उत्तरं देते. या वेळी एकच पत्र घेणार आहे. ते एका जवानाच्या पत्नीचं आहे. पण त्यातला प्रश्न बँकेतल्या, रेल्वेतल्या, पोलीस खात्यातल्या, थोडक्यात बदलीची नोकरी असलेल्या कुठल्याही घरात उभा राहू शकतो.

ही भगिनी सातारा जिल्ह्यातली. सध्या पुण्यात, लष्कराच्या क्वार्टरमध्ये दोन मुलांना घेऊन राहते. यजमान सैन्यात हवालदार आहेत. ती लिहिते: ‘ताई, हे दोन वर्षं सीमेवर होते, तिथे कुटुंब नेता येत नाही. आता ह्यांची बदली जोधपूरला झाली आहे. ते पीस स्टेशन आहे, आम्हा सगळ्यांना बरोबर राहता येईल. मला आनंद झाला होता. पण मुलीने नुकतीच नववीची परीक्षा दिली आहे. आतापर्यंत तिने पाच शाळा पाहिल्या. लहान होती तेव्हा ट्रंका काढल्या की उड्या मारायची. या वेळी माळ्यावरून ट्रंक काढली, तशी खोलीचं दार लावून बसली. जेवायला धड येत नाही. काल मी रागावले तर म्हणाली, “मला कुणी विचारलं का?” सासूबाई म्हणतात, तिला गावी ठेवा, दहावी इथेच होऊ दे. हे म्हणतात, फौजीची पोर आहे, होईल सवय. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. मी काय करू?’

या पत्रातलं मुलीचं एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. ‘मला कुणी विचारलं का?’ ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिनेच देऊन ठेवलं आहे.

‘होईल सवय’ का होत नाही?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. पण लहान मुलाचं बिऱ्हाड खरं म्हणजे आईच्या पदराला असतं. आई आहे, भावंडं आहेत, नेहमीची वाटी आणि नेहमीची गोधडी आहे, म्हणजे घर आहे. मग ते पुण्यात असो की पठाणकोटला. चौदा-पंधराव्या वर्षी मात्र हे बिऱ्हाड घराबाहेर पसरतं. तिच्या मैत्रिणी, तिची खो-खोची टीम, ‘तू निबंध चांगला लिहितेस’ म्हणणाऱ्या बाई, बसमधली तिची ठरलेली जागा, यांतून तिचं नाव तयार झालेलं असतं. बदली झाली की हे सगळं एका दिवसात पुसलं जातं. नव्या शाळेत ती पुन्हा नुसती ‘नवी मुलगी’ होते. गणितात हुशार की कच्ची, स्वभावाने कशी, हे कुणालाच ठाऊक नसतं. सगळं पहिल्यापासून सिद्ध करायचं.

आणि सवय तर एका गोष्टीची होतेच. चार वेळा मैत्रिणी सोडून आलेली मुलगी पाचव्या वेळी मैत्रीच करत नाही. आपण म्हणतो, ‘आमची मुलगी फार समंजस, अजिबात रडली नाही.’ पण हा समंजसपणा असतोच असं नाही. कधी कधी तिने आतून दार लावून घेतलेलं असतं. त्यामुळे तुमची मुलगी चिडली, बोलली, हे मला चांगलं लक्षण वाटतं. अजून तिला तुमच्याकडून काही अपेक्षा आहे.

जायचं की राहायचं?

आता व्यवहाराचं बोलू. कारण नुसत्या मायेने शाळेचा प्रवेश मिळत नाही.

सगळी वर्षं सारखी नसतात, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. सातवीतून आठवीत किंवा आठवीतून नववीत जाताना शाळा बदलणं त्या मानाने सोपं. दहावी झाल्यावर अकरावीत नवी शाळा घेणंही सोपं, कारण तिथे सगळ्यांचीच नवी सुरुवात असते. अवघड असतात त्या दोन जागा: नववी आणि दहावीच्या मधली, अकरावी आणि बारावीच्या मधली. केंद्रीय बोर्डात, म्हणजे सी.बी.एस.ई.मध्ये, मुलांची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते आणि पुढची दोन वर्षं धरून विषय ठरतात. दहावीत किंवा बारावीत मधूनच शाळा बदलायची तर सबळ कारण लागतं. पालकांची बदली हे बोर्डाला मान्य असलेलं कारण आहे. मात्र त्यासाठी बदलीचा हुकूम आणि शाळेचे कागद दाखवावे लागतात, आणि मुलीचे विषय नव्या शाळेत असावे लागतात.

फौजी कुटुंबांसाठी दोन शाळांचा मोठा आधार आहे. एक केंद्रीय विद्यालय. १९६३ साली ही योजना सुरू झाली तीच मुळी बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या मुलांसाठी. तेव्हा पलटणींच्या वीस शाळा घेऊन सुरुवात झाली. आज देशभर हजाराहून अधिक विद्यालयं आहेत आणि सगळीकडे अभ्यासक्रम एक आहे. दुसरी आर्मी पब्लिक स्कूल. १९८३ मध्ये स्थापन झालेली लष्कराची शिक्षण संस्था या शाळा चालवते. बहुतेक मोठ्या छावण्यांत त्या आहेत आणि तिथेही केंद्रीय बोर्डच आहे. मूल आधीपासून यांपैकी एका शाळेत असेल तर निम्मी काळजी मिटते. केंद्रीय विद्यालयात बाहेरच्या शाळेतून थेट नववीत यायचं असेल तर मात्र प्रवेश परीक्षा असते. म्हणून ज्यांची बदलीची नोकरी आहे त्यांनी हा विचार सहावी-सातवीतच करून ठेवावा, दहावीच्या तोंडावर नव्हे.

आपल्या राज्य बोर्डातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि गुणपत्रिकेवर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघावं. सामान गेलं, गाडी गेली आणि मग त्या एका सहीसाठी दीड हजार किलोमीटर परत यायचं, ही पाळी अनेकींवर आलेली आहे.

आता तुमच्यापुढचे तीन रस्ते बघू.

पहिला रस्ता, सगळ्यांनी जायचं. दुसरा, यजमानांनी पुढे जायचं आणि तुम्ही मुलांसह दहावी होईपर्यंत पुण्यातच राहायचं. मुलांच्या बोर्डाच्या वर्षासाठी क्वार्टर काही काळ ठेवू देण्याची सोय लष्करात आहे. ती आपोआप मिळत नाही, वेळेवर अर्ज करावा लागतो. युनिटच्या ऑफिसात आणि स्टेशन मुख्यालयात यजमानांनी आत्ताच चौकशी करावी. तिसरा रस्ता, मुलीला आजीकडे किंवा वसतिगृहात ठेवायचं. महाराष्ट्रात बऱ्याच जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयाची सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं आहेत, हे सगळ्यांना माहीत नसतं.

सासूबाईंचा सल्ला मायेचाच आहे. पण आजीकडे ठेवणं ही वाटते तेवढी सोपी गोष्ट नाही. मुलगी पुण्यातल्या मैत्रिणींसाठी झुरते आहे. गावी ठेवलं तर त्या मैत्रिणीही गेल्या आणि आईवडीलही गेले. शाळा तर तिथेही नवीच! वर बोर्ड आणि माध्यम बदललं तर दुष्काळात तेरावा महिना. माझ्या ओळखीतल्या एका घरी मुलाला दहावीसाठी असंच आजोळी ठेवलं. गुण छान मिळाले. पण त्याची आई मला म्हणाली, ‘मार्क आले हो, मुलगा मात्र पाहुण्यासारखा झाला. वडिलांसमोर बसायचं तर पेपर डोळ्यांसमोर धरतो.’ उलट, एका मुलीला तिच्या शिक्षिका असलेल्या मावशीने वर्षभर ठेवून घेतलं आणि सगळं उत्तम झालं. फरक इतकाच, की त्या मुलीने मावशीकडे राहायचं स्वतः ठरवलं होतं.

मला विचाराल तर, तुम्ही पहिल्या रस्त्याचा विचार आधी करावा. तुमची मुलगी केंद्रीय बोर्डाच्या शाळेत असेल तर जोधपूरला अभ्यासक्रम तोच राहील. नववी संपली आहे, वर्षाची सुरुवात आहे, म्हणजे मधूनच उठून जाणं नाही. आणि एक मोठी गोष्ट: दोन वर्षं वडील घरात नव्हते. आणखी तीन-चार वर्षांत ही मुलगी कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडेल. बापलेकींनी एका ताटाशेजारी बसून जेवण्याचे दिवस हातात किती उरलेत, ते मोजा.

पण याला एक अट आहे. निघण्यापूर्वी तिथल्या शाळेशी बोलून जागा आणि विषय नक्की करा. तोंडी ‘हो हो, या तुम्ही’ यावर विसंबू नका. शब्द लेखी मिळत नसेल किंवा तिचा एखादा विषय तिथे नसेल, तर बेधडक दुसरा रस्ता धरा. क्वार्टरसाठी अर्ज करा आणि मार्चपर्यंत पुण्यात राहा. एक वर्ष लांब राहिल्याने संसार मोडत नाही, तुम्ही ते दोनदा करून दाखवलेलंच आहे.

तिला विचारायचं कसं?

हे सगळं ठरवण्याआधी मुलीला समोर बसवा. यजमान फोनवर असतील तर त्यांनाही सामील करा. तिन्ही रस्ते तिच्यापुढे मांडा, लपवाछपवी करू नका. तिचं म्हणणं मध्ये न तोडता ऐका. ‘तुझ्या वयाची असताना मी…’ हे वाक्य त्या दिवशी गिळून टाका.

मात्र तिला खोटी आशाही दाखवू नका. बदली रद्द होणार नाही, हे स्पष्ट सांगा. शेवटचा निर्णय आई-वडिलांचा असेल, हेही सांगा. पण ज्या गोष्टी तिच्या हातात देता येतील त्या खरोखर द्या. पुण्यातून कुठल्या तारखेला निघायचं, मैत्रिणींना घरी कधी बोलवायचं, तिथे कुठली खोली किंवा कोपरा तिचा, सुट्टीत पुण्याला किती दिवस यायचं. निर्णय मनाविरुद्ध गेला तरी, ‘मला विचारलं होतं’ एवढ्यावर मुलं बरंच सोसतात. न विचारता चांगलं केलेलंसुद्धा त्यांना सलतं.

निघण्यापूर्वी

एक फाइल करा आणि ती ट्रंकेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. तिच्यात असावं: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, नववीची गुणपत्रिका आणि बोर्डाच्या नोंदणीचा कागद, जन्माचा दाखला, आधार कार्ड, बदलीच्या हुकमाची प्रत, युनिटने दिलेलं नोकरीचं आणि बदल्यांचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला असल्यास तो, खेळाची आणि छात्रसेनेची प्रशस्तिपत्रं, आणि फोटो भरपूर. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. शिवाय मोबाइलमध्ये एकेक फोटो काढून ठेवा.

दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव हे तिथेच उभं राहून वाचा. एका अक्षराची चूक दहावीच्या प्रमाणपत्रावर उमटली की पुढे वर्षानुवर्षं निस्तरावी लागते.

शक्य असेल तर तिच्या वर्गशिक्षिकेकडून चार ओळींचं पत्र घ्या: कुठल्या विषयात चांगली, कुठे मदत लागते, कुठल्या खेळात भाग घेते, कुठल्या पुस्तकातून कुठवर अभ्यास झाला. नव्या शाळेत ही चार ओळींची ओळख फार उपयोगी पडते.

निरोपाची घाई करू नका. घरी पोहे-सरबताचा का होईना, पण मैत्रिणींचा कार्यक्रम करा. निरोप नीट घेतला की मन पुढच्या गावाला लागतं. अर्धवट निरोप मागे ओढत राहतो. ट्रंका भरताना तिची पुस्तकं, तिची चादर, भिंतीवरची चित्रं सगळ्यांत शेवटी भरा आणि तिकडे सगळ्यांत आधी उघडा. भांडी चार दिवस खोक्यात राहिली तरी चालतात.

तिथला पहिला महिना

पहिल्या आठवड्यात तुम्ही स्वतः वर्गशिक्षकांना भेटा. ‘मुलगी लाजाळू आहे, सांभाळून घ्या’ असं मोघम सांगू नका. ‘ही खो-खो खेळते, हिला निबंध आवडतो, गणितात एक धडा राहिला आहे’ असं नेमकं सांगा. खेळाची टीम, गाण्याचा गट, प्रदर्शन, यांपैकी एका ठिकाणी तिचा लवकर शिरकाव झाला पाहिजे. वर्गात शेजारी बसून जी ओळख महिन्यात होत नाही, ती एकत्र घाम गाळल्यावर चार दिवसांत होते.

अभ्यासात कुठे खाच राहिली आहे हे पहिल्या पंधरा दिवसांतच बघा. एका शाळेत धडे एका क्रमाने घेतात, दुसरीत दुसऱ्या. त्यामुळे एखादा धडा दोनदा होतो आणि एखादा मुळीच होत नाही. दोन्ही शाळांच्या वह्या शेजारी ठेवल्या की कळतं. गुण पहिल्या चाचणीत घसरतील. त्या वेळी घर डोक्यावर घेऊ नका. सहामाहीपर्यंत वाट बघा.

भाषेचंही आहे. आपल्या मुलांना हिंदी येते, पण तिथल्या मुलांसारखी फर्डी येत नाही. एखादा शब्द चुकला की वर्ग हसतो. घरी त्यावर आपणही हसू नका. आणि घरात मराठी सोडू नका. तेवढं एक गाव तरी मुलांबरोबर सगळीकडे फिरतं.

डब्याची एक युक्ती सांगते. सुरुवातीचे काही दिवस डब्यात दोन थालीपीठं किंवा चार वड्या जास्त द्या. ‘कुणाला तरी दे’ असं सांगू नका, नुसत्या द्या. एक शेंगदाण्याची वडी जे काम करते ते कधी कधी समुपदेशकालाही जमत नाही.

मोबाइलवरून जुन्या मैत्रिणींशी बोलणं तोडू नका. ‘आता त्यांना विसर’ हे फार निष्ठुर वाक्य आहे. पण रात्री अकरापर्यंत मन पुण्यातच अडकून राहिलं तर जोधपूर कधी उजाडणारच नाही. बोलायची वेळ संध्याकाळची ठरवा आणि ती तिच्याशी बोलूनच ठरवा.

आणि वडिलांविषयी एक शब्द. दोन वर्षांनी घरी आलेले वडील शिस्तीची परेड सुरू करतात, हे बऱ्याच फौजी घरांत होतं. त्यांना वाटतं, राहून गेलेलं सगळं आता भरून काढावं. मुलीला वाटतं, इतके दिवस नव्हते आणि आता हुकूम सोडतात. यजमानांना समजावून सांगा: पहिले दोन महिने मुलीला सूचना नकोत, सोबत हवी. सकाळी शाळेच्या बसपर्यंत तिला सोडायला जाणं, एवढंसुद्धा पुष्कळ.

कधी गंभीर समजायचं?

दोन-तीन आठवडे चिडचिड, रडू, पोट दुखण्याचं निमित्त, हे चालायचंच. पण महिना उलटून गेला तरी झोप येत नाही, खाणं तुटलं आहे, शाळेचं नाव काढलं की थरथरते, आवडीच्या गोष्टीही सोडून दिल्या आहेत, किंवा ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं काही बोलते, तर त्याला नाटक म्हणू नका. शाळेतल्या समुपदेशकांना आणि लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा केंद्र सरकारचा ‘टेलि-मानस’ दूरध्वनी क्रमांक आहे. २०२२ पासून तो सुरू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. लहान-मोठ्या कुठल्याही मुलाच्या संकटासाठी १०९८ आहेच. जीव द्यावासा वाटतो असं ती बोलली, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तुम्हा-आम्हा बाकीच्यांसाठी

तुमच्यापैकी पुष्कळजणी म्हणतील, आमची काही बदली नाही, आम्हाला याचं काय? पुणे, खडकी, देवळाली, नगर, कामठी या गावांत लष्कराच्या छावण्या आहेत. तिथल्या शाळांत दरवर्षी कुणी ना कुणी पंजाबमधून, आसामातून, केरळातून येतं. ती मुलगी कदाचित तुमच्या मुलीच्या बाकावर बसते. संध्याकाळी मुलीला विचारा, ‘नवी मुलगी मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खाते?’ उत्तर ‘एकटीच’ असं आलं, तर दुसऱ्या दिवशी काय करायचं ते मुलीला सांगावं लागणार नाही. तुमची वही दोन दिवस तिला द्या. रविवारी घरी बोलवा. तिच्या आईला बाजार कुठे भरतो, दवाखाना कुठला चांगला, ते सांगा. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला आपण दुसरी कुठली मदत करणार? त्याची मुलगी मधल्या सुट्टीत एकटी बसत नाही, एवढं पाहिलं तरी पुरे.

पत्र लिहिणाऱ्या ताई, तुम्ही म्हणता, दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. मग तिसऱ्या माणसाचं ऐका. आज रात्री सगळं आवरून झालं की तिच्या खोलीचं दार वाजवा. ट्रंकेचा विषय काढू नका. ‘तू म्हणालीस ते खरं आहे, आम्ही तुला विचारायला हवं होतं’ इतकं म्हणा आणि तिच्या शेजारी बसा. ती लगेच बोलणार नाही. तुम्ही उठू नका.

काय ठरलं ते मला नक्की कळवा. आणि ज्या मैत्रिणींच्या मुलांनी अशा शाळा बदलल्या असतील, त्यांनी काय उपयोगी पडलं आणि काय चुकलं ते लिहून पाठवावं. चुकलेलं आधी लिहा; त्याचा दुसरीला जास्त उपयोग होतो.